चाउंगवाच्या पाटलाची परवानगी

बर्मी मुलखातल्या चाउंगवा गावात ऊ पो न्यूं यांचा शब्द सहसा खाली पडत नसे. ते गावचे तजी, म्हणजे आपल्या भाषेत पाटील. त्यांच्याआधी त्यांचे वडील तजी होते, वडिलांच्या आधी आजोबा. आवाज असा, की त्यांनी खाडीच्या या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या काठाला मासे धरणारा माणूस काही गुन्हा नसतानाही उठून उभा राहायचा. एकदा भाताच्या खाचरांचा बांध फुटला तेव्हा त्यांनी सगळं गाव चिखलात उतरवलं. त्यात त्या दिवशीचा नवरदेवही होता, अंगावर रेशमी लुंगी तशीच. भात वाचलं. त्या नवरदेवाची बायको पुढे दिसेल तिथे त्यांना म्हणायची, "तजीमिन, माझं लग्न तुम्ही चिखलाशी लावलंत." ऊ पो न्यूं हसायचे आणि तिच्या पोरांच्या हातावर ताडगुळाचा खडा ठेवायचे.

हा सगळा रुबाब घराच्या शिडीपाशी संपायचा. वरच्या पायरीपासून राज्य दॉ सेन म्या यांचं. त्यांचा सुक्या मासळीचा आणि ङापीचा, म्हणजे आंबवलेल्या मासळीच्या लगद्याचा, धंदा होता, स्वतःच्या दोन होड्या होत्या आणि नवऱ्याच्या पाटीलकीबद्दल त्यांना माफक आदर होता. "गाव तुमच्या आवाजावर चालतं," त्या म्हणायच्या, "आणि घर माझ्या मासळीवर. आवाज काही शिजवून खाता येत नाही."

त्यांना एकच मुलगा, माउंग चिट हान. आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती, त्यामुळे हा जगला याचंच दोघांना रोज नव्याने अप्रूप वाटे. म्हणून ऊ पो न्यूंनी त्याचे लाड केले असं मात्र नाही. प्रेम म्हणजे शिस्त, हे त्यांचं ठाम मत. पहाटे उठवून पाढे, चुकला तर वेताची छडी, आणि रात्री झोपण्याआधी आईबापापुढे गुडघे टेकून नमस्कार. पोरगं मुळातच गरीब गाईसारखं. बापाला उलट उत्तर देणं सोडाच, बाप बोलत असताना ते डोळेही वर करत नसे. तो रंगूनच्या कॉलेजात गेला तेव्हा ऊ पो न्यूंनी त्याला निरोप देताना एवढंच सांगितलं, "मास्तर सांगतील ते कर." मुलाने मान हलवली. शाबासकीचा, मायेचा एखादा शब्द द्यावा असं धक्क्यावर बोट सुटताना त्यांच्या फार मनात आलं होतं, पण बापाने असलं बोलायचं नसतं. बोट वळणाआड जाईपर्यंत ते उन्हात उभे राहिले.

त्याच सुमाराला सरकारने रंगूनला नवं विद्यापीठ काढायचं ठरवलं. बर्मी मुलखाला स्वतःचं विद्यापीठ मिळणार म्हणून लोक आधी हरखले, मग कायदा वाचून त्यांचे चेहरे उतरले. शिकायचं तर वसतिगृहातच राहायचं, ज्याचं इंग्रजी कच्चं त्याने एक वर्ष जास्तीचं काढायचं, आणि कारभार सगळा सरकारने नेमलेल्या माणसांच्या हाती. पोरांचं म्हणणं सरळ होतं: असं झालं तर जमीनदारांची मुलं शिकतील, बाकीच्यांनी खाडीत मासे धरावेत. तझाउंमोन महिन्याची, म्हणजे आपल्या कार्तिकातली, पौर्णिमा होऊन थोडे दिवस झाले होते. पोरांनी श्वेडगोन पॅगोड्यावर भगवंतासमोर शपथ घेतली, की कायदा बदलेपर्यंत वर्गात पाऊल टाकायचं नाही. मग वळकट्या उचलल्या आणि टेकडीच्या पायथ्याशी मठांमध्ये जाऊन बसली. चिट हान त्यांच्यातच होता.

सरकार कायद्यात काना-मात्रा बदलायला तयार नव्हतं. पण पोरांना तिथून उठवायचं कसं? पोलीस मठात घुसवावेत तर सगळा मुलूख पेटेल. साहेबांनी स्वतः जाऊन समजूत घालावी तर मठाच्या पायरीशी बूट काढावे लागतात, आणि बूट काढायचे की नाही यावरून त्या काळात साहेबलोकांची आणि भिक्खूंची अशी जुंपली होती की कुठलाही साहेब त्या पायरीकडे फिरकत नसे. मग अधिकाऱ्यांनी सोपी युक्ती काढली. ज्या पोरांचे बाप सरकारचं मीठ खातात त्या बापांनाच पाठवायचं. बापांच्या पायात बूट नसतात.

जिल्ह्याच्या हॅझलडीन साहेबांनी ऊ पो न्यूंना बोलावलं. साहेब वीस वर्षं त्या मुलखात राहिलेले. बर्मी बोलायचे ते अगदी शुद्ध, म्हाताऱ्या पंडिताने बोलावं तसं.

"तजी, तुमचा मुलगा तुमचं ऐकतो?"

"ऐकतो, साहेब," ऊ पो न्यूं छाती काढून म्हणाले. "आजवर एकदाही शब्द मोडला नाही त्यानं."

"उत्तम. मग त्याला वर्गात परत बसवा. सोमवारी मी रंगूनच्या सरकारी बंगल्यावर आहे, तिथं त्याला घेऊन या." साहेबांनी टेबलावरची टोपी सरळ केली. "ज्याला घरातलं पोर आवरत नाही त्याच्या हाती सरकार गाव कसं ठेवणार? हे मी रागानं म्हणत नाही. वरूनच तसा हुकूम आहे."

ऊ पो न्यूंना यात काही अवघड वाटलं नाही. अवघड गेलं ते घरी. दॉ सेन म्यांनी ऐकून घेतलं, तळलेली मासळी आणि लोणच्यासारख्या मुरवलेल्या चहाच्या पानांचा डबा टोपलीत भरला आणि आपली चांगली लुंगी काढली.

"तू कुठं निघालीस?"

"पोरगं काय तुम्ही एकट्यानं आणलंय बाजारातून?"

बोटीवर रात्रभर ऊ पो न्यूं मुलाला सुनवायचं भाषण मनात घोकत होते. सरकार, घराणं, आजोबा, सगळं त्यात होतं. दॉ सेन म्या शांतपणे झोपल्या.

मठाच्या आवारात त्यांना वाटलं होतं तसलं बंड काही दिसेना. धर्मशाळेत चटयांवर पोरं पुस्तकं घेऊन बसली होती. रंगूनच्या बायका डोक्यावर भाताची पातेली घेऊन येत होत्या आणि पोरांना आग्रह करकरून वाढत होत्या. वसतिगृहातल्या जेवणाला नावं ठेवणारी पोरं आठवड्यात गुटगुटीत झाली होती. चिट हानने आईबापांना पाहिलं, धावत आला आणि गुडघे टेकून तीनदा नमस्कार केला.

ऊ पो न्यूंना भाषणाची गरजच पडली नाही. ते म्हणाले, "चल. सामान घे."

पोराचा चेहरा पांढरा पडला. पण तो बापाला म्हणाला, "बरं, आफे." आणि चटई गुंडाळायला गेला.

कुणी त्याला अडवलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. शेजारच्या पोराने वाचत असलेलं पुस्तक मिटलं आणि मुकाट्याने त्याच्या वळकटीला दोरी बांधू लागला. बाकीच्यांनी माना वळवल्या. चिट हानला आपल्या टोकाची साधी गाठही मारता येईना. ऊ पो न्यूं ते बघत राहिले. मग त्यांनी जन्मात कधी कुणाला विचारला नव्हता असा प्रश्न विचारला.

"तुला यायचंय का?"

चिट हान गोंधळला. उत्तर कसं द्यावं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. "आफे म्हणताहेत म्हणून येतो," तो खाली बघत म्हणाला. "भगवंतासमोर शपथ घेतलीय. ती मोडल्याचं पाप लागेल, ते लागू दे. आफेंचा शब्द मोडला तर त्याहून मोठं लागेल."

दुसऱ्या बापांची पोरं भांडत होती, लपून बसत होती, बापाला हात हलवत परत पाठवत होती. त्या बापांना साहेबापुढे उभं राहून सांगता येत होतं, की पोरगं ऐकत नाही. ऊ पो न्यूंची मात्र पंचाईत झाली. यांचं पोरगं ऐकत होतं. एकोणीस वर्षं छडी घेऊन त्यांनी जे पेरलं, ते नेमकं त्या दिवशी उगवून समोर उभं राहिलं होतं. ते एक शब्द बोलले तर पोरगं चालत येणार होतं, आणि मग जन्मभर कुणाच्या डोळ्याला डोळा देणार नव्हतं.

ते मठाच्या सयाडॉंकडे गेले. सयाडॉ ऊ नंदिय म्हणजे तिथले थोरले भिक्खू, पान खाऊन ओठ लाल झालेले, एका कानाने थोडं कमी ऐकू येणारे. ऊ पो न्यूंनी सगळं सांगितलं.

"रोज बाप येतात," सयाडॉ म्हणाले. "म्हणतात, महाराज, पोरगं ऐकत नाही, काहीतरी करा. पोरगं ऐकतं म्हणून रडत आलेला तू पहिलाच."

"मी न बोलता निघून गेलो, तर साहेबाला काय सांगू? ऐकत नाही म्हणून? ते खोटं होईल."

"खोटं बोलू नये."

"मी बाप आहे तोवर मला बोलावंच लागणार, आणि मी बोललो की तो येणार."

सयाडॉंनी पानाची पिंक टाकली. तेवढ्यात ओसरीसमोरून एक कोयिन, म्हणजे बाल-श्रामणेर, अंगावर भिक्खूंचं चीवर, भिक्षापात्र घासून घेऊन चालला होता. झाडू मारणारा म्हातारा त्याला बघून चटकन बाजूला झाला, खाली बसला आणि हात जोडले. पोरगं ऐटीत पुढे गेलं.

"तो म्हातारा त्याचा सख्खा आजोबा," सयाडॉ म्हणाले. "गेल्या महिन्यात पोरानं केळी चोरली म्हणून याच आजोबानं त्याचा कान पिळला होता. आता पिळून दाखवावा म्हणावं."

ऊ पो न्यूंनी त्या म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "महाराज, चीवर द्यायला आईबापांची परवानगी लागते ना?"

"लागते. भगवंतांनी आपल्या राहुलला चीवर दिलं तेव्हा त्यांचे म्हातारे वडील शुद्धोदन रडत आले. म्हणाले, मुलगा गेला, आता नातूही गेला. निदान यापुढे कुणाचं लेकरू त्याच्या आईबापांना विचारल्याशिवाय नेऊ नका. भगवंतांनी वडिलांचं ऐकलं. तेव्हापासून तो नियम आहे. तुमच्या तोंडच्या शब्दाशिवाय मी कुणाच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही."

दॉ सेन म्या खाली चिंचेच्या सावलीत पोराला मासळी खाऊ घालत होत्या. ऊ पो न्यूंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. एकदा का चिट हानच्या अंगावर चीवर चढलं की बापाची आज्ञा त्याच्यावर चालत नाही. कुठल्याच बापाची चालत नाही, हे साहेबालाही ठाऊक आहे.

"पाटीलकी जाईल," त्या म्हणाल्या.

"जाईल."

"आजोबांपासूनची."

"हो."

दॉ सेन म्यांनी पदरासारखं खांद्यावर टाकलेलं उपरणं नीट केलं. "मग तुमचा आवाज चालणार कुणावर? माझ्यावर तर कधीच चालला नाही." आणि ऊ पो न्यूं काही बोलायच्या आत त्याच पुढे म्हणाल्या, "तुम्ही त्याला विचारलंत. यायचंय का म्हणून विचारलंत. मी लांबून ऐकलं. मी किती वर्षं याची वाट बघत होते. जाते, पांढरं कापड घेऊन येते बाजारातून."

चिट हानला विचारलं तेव्हा तो आधी हसला, मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. दुपारी त्याचं मुंडन झालं. एका बाजूने बापाने, एका बाजूने आईने पांढरं कापड धरलं आणि त्याचे काळेभोर केस त्यात पडले. चीवरं मठात हवी तेवढी होती, दानाचा महिना नुकताच सरला होता. सयाडॉंच्या मागोमाग पोराने शीलं म्हटली. मग त्याला उंच आसनावर बसवलं. चाउंगवाच्या तजीने, ज्याच्या हाकेने माणसं उठून उभी राहायची, जमिनीवर गुडघे टेकले आणि आपल्या मुलाला तीनदा नमस्कार केला. धर्मशाळेतली पोरं दाराशी गोळा झाली होती. सकाळी वळकटीला दोरी बांधणारा पोरगा उघड उघड डोळे पुसत होता.

सोमवारी ते एकटेच बंगल्यावर गेले. हॅझलडीन साहेब व्हरांड्यात बसले होते.

"मुलगा कुठाय?"

"साहेब, त्यानं चीवर घेतलं. तो आता कोयिन आहे. मी त्याला आज्ञा करू शकत नाही. मी त्याच्या पाया पडतो."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. वीस वर्षं ते त्या मुलखात काही झोपा काढत नव्हते.

"आईबापांच्या परवानगीशिवाय चीवर मिळत नाही, असं मी ऐकून आहे."

"बरोबर ऐकलंत, साहेब."

"मग परवानगी दिली कुणी?"

ऊ पो न्यूंनी तोंड उघडलं, तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. "थांबा. नीट विचार करून बोला. कधी कधी मठात घाई होते. पोरगं हट्ट धरतं, म्हातारे भिक्खू नियम विसरतात, बाप पोचेपर्यंत डोकं भादरून झालेलं असतं. असं घडलं असेल तर त्यात बापाचा दोष नाही. मी तसं लिहीन. तुम्ही तजी राहाल."

ऊ पो न्यूंना कळलं की साहेब दार उघडं धरून उभे आहेत. आजोबांपासूनची पाटीलकी त्या दारातून बाहेर नेता येत होती. फक्त एकदा मान हलवायची होती. त्यांना साहेबांबद्दल फार कृतज्ञता वाटली, आणि ती त्यांनी मरेपर्यंत बोलून दाखवली. पण मान हलवली असती तर नियम मोडल्याचा डाग सयाडॉंवर बसला असता, आणि पोराचं चीवरच खोटं ठरलं असतं.

"मी दिली, साहेब," ते म्हणाले. "मी आणि त्याच्या आईनं. शुद्धीत असताना, मोठ्यानं."

"का?"

"मी सांगितलं असतं तर तो आला असता."

साहेबांनी बाहेर बागेकडे पाहिलं. "मलाही एक मुलगा आहे," ते म्हणाले. "विलायतेत शिकतो. मी त्याला आजवर मोजून पाच वेळा पाहिलंय. मी सांगितलं तर तो खुर्चीसुद्धा सरकवायचा नाही." मग त्यांनी आवाज पुन्हा सरकारी केला. "तुम्हाला तजीच्या जागेवरून काढलं आहे. बंदूक आणि शिक्का कचेरीत जमा करा." ऊ पो न्यूं वाकून निघाले तेव्हा साहेब उभे राहिले होते. पाटलासाठी साहेब कधी उभे राहत नसत.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. सरकार लगेच काही वाकलं नाही. पण लोकांनी गावोगाव आपल्या शाळा काढल्या. चिट हानने तिकडच्या रीतीप्रमाणे काही काळाने चीवर उतरवलं आणि चाउंगवातच मुलांना गणित शिकवू लागला. पगार म्हणून कुणी तांदूळ आणून देई, कुणी केळी. ऊ पो न्यूं बायकोच्या होडीवर मासळी तोलू लागले. तिथे त्यांच्या आवाजाचा चांगला उपयोग झाला, गिऱ्हाईक लांबून यायचं. गावाला नवा तजी मिळाला, पण बांध फुटला की लोक जुन्याच दाराशी यायचे. कुणी हळहळून पाटीलकीचा विषय काढला तर ते म्हणत, "अरे, माझं नशीब थोर. सयाडॉ भेटले, तसा साहेब भेटला, तशी बायको भेटली." आणि मग नेहमी एका सकाळची गोष्ट सांगत.

ती सकाळ मंगळवारची, साहेबांना भेटून आल्यानंतरची. नवराबायकोंनी भात, माशाची आमटी आणि केळी घेऊन मठात दान दिलं. चिट हान आसनावर बसून सकाळीच पोटभर जेवला, कारण दुपारनंतर त्याला अन्न चालणार नव्हतं. बाप खाली चटईवर बसला होता. जेवण झाल्यावर पोराने विचारलं. भिक्खू गृहस्थांना ‘दायक’, म्हणजे दान देणारा, अशी हाक मारतात, तशीच त्याने बापाला मारली आणि ती मारताना तो अडखळला.

"दायक, साहेबांकडचं काम झालं?"

"झालं, कोयिन. पाटीलकी गेली."

चिट हानचे डोळे भरून आले. तो अर्धवट उठला. लहानपणापासून अंगात मुरलेली सवय, खाली उतरून बापाचे पाय धरायचे. पण अंगावर चीवर होतं आणि चीवर गृहस्थापुढे वाकत नाही. तो तसाच अवघडून परत बसला, हात मांडीवर घट्ट आवळून.

"माझ्यामुळं," तो कसाबसा म्हणाला.

बापाने हात जोडलेलेच होते. मुलगा मुलगा असता तर ते काही बोलले नसते. धक्क्यावर बोट सुटताना बोलले नव्हते तसेच आताही गप्प राहिले असते. पण समोर मुलगा नव्हता, कोयिन होता, आणि कोयिनशी बोलायला बापाला कसली आडकाठी?

"रडू नका, कोयिन," ऊ पो न्यूं म्हणाले. "दान घेणाऱ्यानं आभार मानायचे नसतात, देणाऱ्यानं मानायचे असतात. मी आयुष्यभर लोकांकडून घेतच आलो. शब्द घेतला, मान घेतला, कर घेतला. माझ्याकडे द्यायला एकच मोठी गोष्ट होती, ही पाटीलकी, आणि ती कुणाला द्यावी हे मला कळत नव्हतं. तुम्ही घेतलीत." त्यांनी वाकून कपाळ जमिनीला टेकवलं. "फार उपकार झाले."